मागून चालणारं कुत्रं

आमच्या पेठेत संध्याकाळ झाली की म्हशी चौकात येतात. गवळी आपली म्हैस ठरलेल्या जागी उभी करतो, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट पेला त्याच्या हातात दिला जातो. याला आम्ही कट्टा म्हणतो. कट्ट्यावर प्रत्येकाची जागा वडिलोपार्जित असते. तिचा सातबारा नाही, पण भांडण होत नाही, कारण सगळ्यांना सगळ्यांची जागा ठाऊक असते. माझ्या सासऱ्यांची जागा पानपट्टीशेजारी, दिव्याच्या खांबाला लागून होती. त्यांच्यामागे ती माझ्या नवऱ्याकडे आली. मग माझ्या थोरल्या दिरांनी ती घेतली. पुढे ती आम्हाला परत मिळाली, याचं मला समाधान आहे. ज्या रीतीने मिळाली, ती रीत मला अजून मान्य नाही.

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून मीही इथे तसंच लिहिते. प्रत्यक्षात गोठा मालकांचा आणि दुकान माझं. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्याच्या दारात सरकी पेंडेचं एक पोतं उघडून बसले होते, शेजारच्या गवळ्यांना किरकोळ विकायला. त्याचं पुढे दुकान झालं. पेंड, कोंडा, भुसा, मिठाचे दगड. मार्केट यार्डातले व्यापारी मला येताना बघून एकमेकांना खुणा करायचे. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली पेंड काढून बघत असे आणि भाव पटला नाही तर मोठ्याने बोलत असे. बाई आहे म्हणून हळू बोलेल, हा त्यांचा समज मी पहिल्याच वर्षी मोडला.

मालक माझ्या अगदी उलट. कमी बोलणारे. त्यांचं सगळं बोलणं म्हशीशी. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, आणि गवळी मोटरसायकल पळवत पुढे जातो आणि त्याची म्हैस त्याच गाडीच्या आवाजामागे धावते. रस्त्यावर तशाच गाड्यांचा गोंधळ असतो, तरी ती आपल्या मालकाची गाडी सोडत नाही. ही शिकवण वर्षभर चालते. म्हशीला हाक मारायची, पुढे जायचं, ती मागून आली की मूठभर आंबोण द्यायचं. जनावर मागे आलं म्हणजे शिकलं, अशी आमच्या सगळ्या पेठेची समजूत. मालकांची म्हैस या कामात नावाजलेली होती.

त्यांचे डोळे जायला लागले ते आम्हाला कळलंच नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, बादलीला पाय लागायचा. मग दिव्यांभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाले. थोरले दीर म्हणाले, मोतीबिंदू असणार, घाई करायची नाही, कच्चा काढला तर डोळा जातो, पिकू दे, मग बघू. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आम्ही तो पिकायची वाट बघत राहिलो. मी एकदा म्हणाले होते, दाखवून तरी येऊ या. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, बाई, तुमचं पोतं न्हाय हे, हात घालून तळ बघायला.

शेवटी मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर बघितलं. तो मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. त्यात पिकायचं काही नसतं. गेलेली नजर परत येत नाही, वेळेत आलं तर फक्त उरलेली राखता येते. आमच्याकडे राखायला फारसं उरलं नव्हतं. वर्षभरात तेही गेलं.

मी दिरांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

सुरुवातीला मी मालकांचा हात धरून त्यांना कट्ट्यावर नेत असे. म्हैस सवयीप्रमाणे मागून यायची. धार ते उत्तम काढायचे, त्याला डोळे लागत नाहीत. पण गिऱ्हाइकं बदलली. वर्षानुवर्षं यांच्याशी बोलणारी माणसं आता माझ्याशी बोलायला लागली. त्यांना बसायला काही देऊ का, त्यांची तब्येत कशी आहे, त्यांना ऐकू येतं ना, हे सगळं मला विचारायचे, मालक मधे बसलेले असताना. पैसे माझ्या हातात द्यायचे. एकाने तर यांच्या डोक्यावर हात फिरवला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मालक म्हणाले, उद्यापासून न्हाय यायचा मी. आणि खरंच गेले नाहीत.

थोड्या दिवसांनी थोरल्या दिरांची म्हैस त्या जागी उभी राहिली. त्यांची स्वतःची जागा पलीकडे होती, गटारीच्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक नाक धरून उभं राहतं. मी दुकान तसंच टाकून चौकात गेले. सगळा कट्टा ऐकत होता. मी विचारलं, जागा कुणाला विचारून घेतली.

दीर धार काढता काढता म्हणाले, "मोकळी जागा राखायला थांबलोय म्हणा की. त्यो एकटा म्हस घेऊन आला तर त्याची जागा त्याला. बाईमाणसाचा हात धरून कट्ट्यावर यायची रीत न्हाय आपल्यात."

"एकटं आले तर सोडणार?"

"समद्यांच्या म्होरं सांगतोय की."

मी चार माणसांकडे बोट दाखवून त्यांना साक्षीदार केलं. दिरांना वाटलं, अट अशी घातली आहे की ती पुरी व्हायची नाही. मला वाटलं, सौदा झाला. आता फक्त मालकांना एकटं आणायचं.

आमच्या घरी तेव्हा केबल नवीन आली होती. एका दुपारी परदेशातला काही कार्यक्रम लागला होता. एक आंधळी बाई मोठ्या रस्त्यावरून ताठ मानेने चालली होती. तिच्या हातात एका कुत्र्याच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ होती आणि कुत्रा तिला मोटारींच्या गर्दीतून बरोबर नेत होता. मी चहाचा कप खाली ठेवला. हात धरायला बाईमाणूस नाही, म्हणजे एकटंच की. दिरांच्या अटीत कुत्र्याबद्दल काही नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी एसटीने पुण्याला गेले. तिथे अंधांसाठी काम करणारी एक संस्था आहे असं दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. ऑफिसात एक शांत बाई बसल्या होत्या. मी म्हणाले, वाट दाखवणारं कुत्रं पाहिजे, शिकवून तयार झालेलं, किंमत बोला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कुत्री नाहीत, आणि कुणाकडे असतील असंही मला वाटत नाही. मला वाटलं ही भाव वाढवायची पद्धत. मी उठून दारापर्यंत गेले, यार्डात जाते तशी. त्यांनी मला हाक मारली नाही. परत येऊन बसावं लागलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की असं कुत्रं तयार करायला मोठी शाळा लागते, शिकवणारी माणसं लागतात, आणि आपल्याकडे ते सगळं अजून व्हायचं आहे. त्यांनी एक पांढरी घडीची काठी दिली आणि मिरजेकडच्या एका मास्तरांचा पत्ता दिला. हे मास्तर गावोगाव जाऊन काठी धरून चालायला शिकवतात म्हणाल्या. मी कुत्रं घ्यायला गेले होते आणि काठी घेऊन परतीच्या गाडीत बसले होते. साताऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघून मनातल्या मनात त्या बाईशी भांडत होते. घरी आल्यावर काठी दुकानात खिळ्याला अडकवून टाकली.

मिळत नसेल तर आपण तयार करू, असं मी ठरवलं. गगनबावड्याच्या बाजूचा एक म्हातारा धनगर पावसाळ्याआधी माझ्याकडे कोंडा न्यायला येत असे. त्याच्याकडे चांगली कुत्री होती, बिबट्याला न भिणारी. मी त्याला भाव विचारला. तो म्हणाला, कुत्रं विकत नाही, देतो, पण बांधून घालायचं नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा सौदा कसा करायचा हे मला कळेना. मी नुसती मान डोलावली. पुढच्या खेपेला त्याने पोत्यातून पिल्लू आणलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका.

मालकांनी ते मांडीवर घेतलं आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. दिवसभर दोघं गोठ्यात. हाक, पाऊल, भाकरीचा तुकडा. हाक, पाऊल, तुकडा. पिल्लू वाढत होतं आणि शिकत होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचे, परदेशात याला शाळा लागते, आमच्याकडे गोठ्यात झालं.

पावसाळा मध्यावर आला होता तेव्हा मालक म्हणाले, आज चौकापर्यंत जाऊन बघतो. मी दारात उभी राहिले. हातात कुत्र्याची दोरी सैल धरून ते निघाले. त्या दिवसांत सगळ्या शहरात टेलिफोनच्या केबलसाठी चर खणलेले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एक होता, पाण्याने भरलेला. मी ओरडेपर्यंत मालक त्यात गुडघाभर गेले होते, मनगट अंगाखाली सापडलं होतं. आणि कुत्रं? कुत्रं त्यांच्या मागे, काठावर उभं राहून शेपूट हलवत होतं. फार खूश होतं. भाकरीच्या तुकड्याची वाट बघत होतं.

मला तेव्हाही लगेच कळलं नाही. मी कुत्र्याला शिव्या दिल्या. मालक चिखलातच बसून हसायला लागले. म्हणाले, "त्याला कशाला बोलतीस. म्हशीवाणी शिकवलाय की मी त्याला. मागं आला त्यो बरोबर."

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जनावराला मागे यायला शिकवलेली माणसं. पुढे जा म्हणून कसं शिकवायचं ते आमच्या गोठ्यात कुणाला माहीतच नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

मनगट सुजलं. धार काढणं बंद झालं. दिरांनी दुकानावरून जाताना चौकशी केली, कुत्रं बरं हाय न्हवं. त्या रात्री मी मिरजेच्या पत्त्यावर कार्ड टाकलं.

मास्तर आले ते एकटे. एसटी स्टँडवरून विचारत विचारत, पाय न अडखळता, थेट माझ्या दुकानात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा चष्मा, चकचकीत बूट. लांब काठी एका बाजूने दुसऱ्या बाजूला टकटक करत आली आणि माझ्या पेंडेच्या पोत्याला लागून थांबली. त्यांनी नाक वर केलं आणि पहिलं वाक्य बोलले, "पेंड जुनी आहे तुमची."

ती जुनी नव्हती. फक्त वरचं पोतं पावसात भिजलं होतं. मी त्यांना तसं सुनावलं, आणि हेही सुनावलं की आपण गिऱ्हाईक नसताना मालाला नावं ठेवू नयेत. ते म्हणाले, "म्हणजे इथे बोलणारी बाई आहे. बरं झालं. मला वाटलं होतं, रडणारी असेल." आणि खुर्ची चाचपून, न विचारता बसले.

मी खूप माणसांशी घासाघीस केली आहे, पण या माणसाइतका चिवट मला कोणी भेटला नाही. मी म्हणाले, आठवड्यातून एकदा या आणि पाडव्याच्या आत चौकापर्यंत तयार करा. ते म्हणाले, मी पाहिजे तेव्हा येईन, आणि चौक मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवणार नाही, चालणारा ठरवेल. मी म्हणाले, मी सोबत राहीन. ते म्हणाले, तुम्ही दुकानात बसाल. शिकवणी चालू असताना तुमचा आवाज कानावर आला तर मी उठून मिरजेला जाईन. मी म्हणाले, जा. ते खरंच उठले. मी त्यांना हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मी दारापर्यंत गेलेल्या माणसाला परत बोलावलं.

खिळ्यावरची घडीची काठी त्यांनी हातात घेतली, उघडली, मालकांच्या छातीला लावून बघितली आणि बाजूला टाकली. काठी छातीच्या हाडापर्यंत यायला हवी, ही पोटापर्यंतच येत होती. पुढच्या खेपेला त्यांनी मापाची काठी आणली. मग त्यांनी कुत्र्याला हाक मारली. मालकांनी सगळी हकीकत सांगितली, चरापर्यंत. मास्तर हसले नाहीत. कुत्र्याचे कान, मान, पाठ यांवरून त्यांचा हात फिरत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

ते म्हणाले, "तरुणपणी मीही असंच कुत्रं मिळावं म्हणून परदेशात पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, छान आलं. त्यात लिहिलं होतं, आधी काठीने एकट्याने फिरायला शिका. वाट माणसाला माहीत असावी लागते. कुत्रं खड्डा चुकवतं, गाडी आली तर थांबतं, पण तुम्हाला कुठे जायचंय ते त्याला काय माहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "मी शिकलो. नंतर त्यांनी लिहिलं, तुमच्या देशात कुत्रं पाठवता येत नाही. तोवर काठी चांगली जमली होती."

हे सांगताना त्यांचा आवाज रोजचाच होता. मी मात्र पहिल्यांदा त्यांना चहा विचारला.

पुढचे महिने मी दुकानात बसून काढले, आणि ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड महिने असावेत. गल्लीतून काठीचा आवाज यायचा. डावा पाय पुढे तेव्हा काठी उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे. मास्तर मागून हळू आवाजात बोलायचे, आणि मधेच अजिबात बोलायचे नाहीत. एकदा मालक सायकलीला धडकले, सायकली एकावर एक पडल्या. मी पोतं धरून जागेवर बसून राहिले. मास्तर मोठ्याने म्हणाले, तुमची बायको आत पोत्याला नखं लावतेय, तिकडे लक्ष देऊ नका. पिठाच्या गिरणीशी उजवीकडे वळायचं, तालमीच्या भिंतीला आवाज बदलतो, तिथे रस्ता उघडा होतो, पुढे पानपट्टीचा चुन्या-काताचा वास. मालकांना ही वाट लहानपणापासून माहीत होती. ती पुन्हा एकदा कानांनी आणि नाकाने पाठ करायची होती. नोटा लांबीवरून कशा ओळखायच्या, त्यांच्या घड्या वेगवेगळ्या कशा घालायच्या, हेही मास्तरांनी शिकवलं. ब्रेल शिकता का विचारलं, तेव्हा मालक म्हणाले, वाचून काय करू, म्हशीचं सगळं मला तोंडपाठ हाय. मास्तरांनी तो विषय सोडला.

कुत्रं मागे असायचंच. मास्तर म्हणाले, असू दे. मालकांच्या पाठीमागून एखादी मोटरसायकल फार जवळ आली की ते भुंकायचं, एवढं मात्र ते आपणहून शिकलं. आणि काही दिवसांनी मालकांनी म्हैसही दावं सोडून सोबत घेतली. ती आधी गाडीच्या आवाजामागे जाणारी. आता काठीच्या टकटकीमागे यायला लागली.

पाडवा जवळ आला होता. एक दिवस शिकवणी संपल्यावर मास्तर चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या भावांनी डोळे तपासून घेतले ना? काचबिंदू घराण्यात असतो. सख्ख्या भावाला तर धोका जास्त."

मास्तरांची गाडी सुटायची वेळ झाली होती, ते गेले.

जेवताना मालक म्हणाले, "दादाला सांगाय पायजे."

मी म्हणाले, सांगू की. पाडवा होऊ दे, जागा हातात येऊ दे, मग सांगू. मालकांनी भाकरी खाली ठेवली. मी त्यांना शांतपणे समजावून सांगायचा प्रयत्न केला, माझ्या मानाने शांतपणे. ज्या माणसाने पिकू दे म्हणून डोळे घालवले, ज्याने चौकात अट घातली, त्याला आपण आता एक मोठी गोष्ट देणार आहोत. मग त्या बदल्यात त्याने चौकात, सगळ्यांसमोर जागा सोडावी आणि म्हणावं, माझं चुकलं. एवढंच. यात काय वाईट आहे?

मालक म्हणाले, "डोळ्याचा सौदा करायचा व्हय?"

मी म्हणाले, त्यांनी केला की.

ताट सरकवून हात धुवायला उठले. त्यांना तांब्या कुठे आहे ते मी सांगितलं नाही. तो त्यांनी आपला आपण शोधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याचं आवरून त्यांनी काठी घेतली. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, येतो जाऊन. मास्तर नव्हते, म्हैस नव्हती. काठीच्या आवाजावरून मी ओळखलं, गिरणीशी ते उजवीकडे वळले नाहीत, सरळ गेले. दिरांच्या घराची वाट. ती वाट मास्तरांनी शिकवलेली नव्हती. मी दुकान शेजारणीवर टाकून मागे निघाले. चप्पल हातात घेतली होती, आवाज नको म्हणून. मालक पुढे, त्यांच्या मागे कुत्रं, कुत्र्याच्या मागे मी.

विटांचा एक ढीग त्यांना लागला. काठीने त्याचा कडेपर्यंत अंदाज घेतला, वळसा घातला. एका टेंपोपाशी थांबले, इंजिन बंद आहे ना ते ऐकलं आणि पुढे गेले. मग त्या मूर्ख कुत्र्याला माझा वास आला. ते थांबलं, मागे वळलं आणि शेपूट हलवत माझ्याकडे आलं. मागची पावलं थांबली हे मालकांना कळलं. वळून न बघता म्हणाले, "घरी जा. दोघंबी."

आम्ही दोघंही गेलो.

पुढचं मला जाऊबाईंनी सांगितलं. मालक दारात येऊन उभे राहिले तेव्हा दीर चहा पीत होते. धाकटा भाऊ एकटा आलेला बघून त्यांना वाटलं, जागा मागायला आला. त्यांनी आधीच सुरुवात केली, की अट चौकात यायची होती, माझ्या दारात न्हवं. मालक म्हणाले, "जागंचं ऱ्हाऊ दे. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय का तुला?"

दिरांनी कप खाली ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, दिसतंय, अन्‌ महिना झाला, न्हाणीच्या दाराला कोपर लागतंय त्यांचं.

मालक तिथेच उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, पिकायची वाट बघू नको. कापडं घाल. मी येतो संगं." आणि तसेच, आंधळा माणूस डोळस माणसाला घेऊन, रिक्षाने दवाखान्यात गेले. प्रेशर वाढलेलं निघालं. पण वेळ गेलेली नव्हती. रोज दोन वेळा थेंब घालायचे, जन्मभर, आणि नजर राहील, असं डॉक्टर म्हणाले.

मला हे कळलं तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. आधी आलं, हा माणूस कसला आहे. ज्या वाटेवर आपण कधी चाललो नाही ती काठीने चाचपत जायचं, आणि तेही तिकडे. एवढा मोठा माणूस माझ्या घरात राहतो आणि मी त्याला भाकरी वाढते, असं वाटलं. आणि लगेच आलं, एवढी गोष्ट दिली, आणि बदल्यात एक शब्दही मागितला नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत. एकीने दुसरीला अजून हलवलेलं नाही.

पाडव्याला चौक गाड्यांच्या आवाजाने दणाणला होता. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली, रंगवलेली शिंगं, हलगी. मास्तर मुद्दाम मिरजेहून आले होते, नव्या इस्त्रीत, आणि माझ्याशेजारी पानपट्टीच्या पायरीवर उभे होते. ते म्हणाले, एवढ्या गोंगाटात काठी ऐकू येणार नाही, मीसुद्धा आज बाहेर पडलो नसतो. मी म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, त्यांना सांगितलं होतं.

मग मालक आले. नवा फेटा, पुढे काठी. गाड्या थोड्या थांबल्या असाव्यात, किंवा मला तसं वाटलं. मागे म्हैस, शिंगं गुलाबी रंगवलेली, मोरपिसं लावलेली. आजूबाजूला इतके आवाज असताना तिला ती टकटक कशी ऐकू येत होती कुणास ठाऊक, पण ती काठीमागे येत होती. आणि सगळ्यात मागे, गळ्यात झेंडूची माळ, कुत्रं. लोक बाजूला झाले. मास्तर मला सारखे विचारत होते, कुठपर्यंत आले, आता कुठे आहेत. मी नुसती बघत राहिले. त्यांनी माझ्या कोपराला काठी टोचून विचारलं तेव्हा मी म्हणाले, खांबाशी.

दीर खांबाजवळ आपली म्हैस घेऊन उभे होते. सगळा कट्टा बघत होता. मी साक्षीदार केलेली चारही माणसं तिथे होती. मी वाट बघत होते. आता म्हणतील. चौकात घातलेली अट चौकातच सुटायला हवी.

दिरांनी आपल्या म्हशीचं दावं सोडलं, तिला गटारीच्या बाजूला नेलं, आणि मालकांना म्हणाले, "मागं घे जरा म्हशीला. शिंग लागंल कुणाला."

एवढंच. मालकांनी म्हैस मागे घेतली, खाली बसून चरवी लावली आणि धार काढायला लागले. पहिलं गिऱ्हाईक मास्तर होते. पेला एका दमात संपवून म्हणाले, पेंड कसलीही असली तरी दूध चांगलं आहे.

त्याला आता बरीच वर्षं झाली. कुत्रं म्हातारं होऊन गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, तेही मागूनच चालतं. मास्तरांनी मालकांना बोलणारं घड्याळ भेट दिलं, बटण दाबलं की वेळ सांगणारं. संध्याकाळी धारा चालू असतात, घड्याळ बोलतं आणि मालक मान वर न करता पलीकडे ओरडतात, "दादा, थेंब." दीर धार थांबवतात. हात दुधाचे असतात म्हणून जाऊबाई येऊन थेंब घालतात.

मागच्या दिवाळीत जाऊबाई माहेरी शाहूवाडीला गेल्या होत्या. मी हिशोबाला कट्ट्यावर आले होते. घड्याळ बोललं, मालक ओरडले. दिरांनी इकडेतिकडे बघितलं आणि बाटली खिशात आहे अशी मला कोपराने खूण केली. मी म्हणाले, आधी चौकात काहीतरी बोलायचं राहिलंय तुमचं.

ते तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून बसून राहिले. मालक धार थांबवून ऐकत होते. गिऱ्हाइकं थांबली होती.

मी थेंब घातले. एका डोळ्यात एक जास्तच पडला. दीर बाही डोळ्याकडे नेत म्हणाले, बाई, वाया घालवू नका, महाग हाय. मी म्हणाले, पुसू नका, डोळ्यातच गेलाय.